हात लावून पाहावें

बहुतेक संग्रहालयांच्या दारांत पाऊल ठेवतांच एक पाटी आपलें स्वागत करते: ‘वस्तूंस हात लावूं नये.’ ही पाटी योग्यच आहे. शेंकडों वर्षांपूर्वींचें मडकें, जुन्या लढाईंतील तलवार, किंवा जीर्ण झालेली पोथी हजारों हातांखालून गेली, तर ती फार दिवस टिकणार नाहीं. तेथें वस्तूच अमोल, आणि पाहणारानें आपले हात आवरूनच पुढें सरकावें हें शहाणपण. परंतु संग्रहालयांची दुसरीहि एक जात आहे. तेथील सरंजाम अगदीं साधा असतो: लोखंडाची सांखळी, लांकडाची फळी, सुताचा दोर, पत्र्याची ताटली. ह्या वस्तूंस स्वतःचें असें मोल नाहीं. मोल आहे तें त्यांच्या द्वारें प्रगट होणाऱ्या सृष्टीच्या नियमास, आणि हा नियम हात लावल्यावांचून बोलत नाहीं. अशा ठिकाणीं जो हात लावीत नाहीं, तो कांहींएक न पाहतां परत येतो. ह्या दुसऱ्या जातीच्या संग्रहालयाविषयीं, आणि तेथें मुलांनीं व पालकांनीं कसें वागावें ह्याविषयीं, चार शब्द आम्ही येथें लिहीत आहों.

ही कल्पना आजची नव्हे. जर्मनींत म्युनिक शहरीं ऑस्कार फॉन मिलर नांवाच्या इंजिनियरानें १९०३ सालीं तंत्र व विज्ञान ह्यांचें एक संग्रहालय स्थापन केलें, आणि १९२५ सालीं त्याची स्वतंत्र इमारत लोकांस खुली झाली. प्रेक्षकानें कळ दाबावी, दांडा फिरवावा, आणि यंत्र चालतें करून पाहावें, अशी सोय तेथें केलेली होती. पुढें १९६९ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें फ्रँक ओपेनहायमर ह्यांनीं ‘एक्स्प्लोरेटोरियम’ ही संस्था काढली. हे गृहस्थ म्हणजे अणुबाँबच्या कार्यामुळें जगप्रसिद्ध झालेले रॉबर्ट ओपेनहायमर ह्यांचे धाकटे बंधु. १९४९ सालीं राजकीय कारणांवरून त्यांस विद्यापीठांतील जागा सोडावी लागली. तेव्हां त्यांनीं कोलोराडो प्रांतांत गुरें पाळलीं, आणि पुढें तेथील एका लहानशा गांवच्या हायस्कुलांत मुलांस शास्त्र शिकविलें. मोठ्या प्रयोगशाळेंत वावरलेला हा पंडित खेड्यांतील शाळेच्या फळ्यापुढें उभा राहिला, आणि मग त्याच्या हातून असें संग्रहालय उभें राहिलें, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष मननीय वाटते.

आपल्या देशांतहि ह्या कामास फार उशीर झाला असें नाहीं. कलकत्त्यास १९५९ सालीं बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय सुरू झालें. मुंबईंत वरळी येथें नेहरू विज्ञान केंद्र आहे. त्याचा आरंभ १९७७ सालीं प्रकाश व दृष्टि ह्या विषयावरील एका प्रदर्शनानें झाला. १९७९ सालीं तेथील उघड्यावरचें विज्ञानोद्यान मुलांस खुलें झालें. आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजीं त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्तें संपूर्ण केंद्राचें उद्घाटन झालें. गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों होतों. मंडळी पांच: आम्ही उभयतां, हायस्कुलाच्या शेवटच्या वर्गांतील थोरला मुलगा, आठ वर्षांची धाकटी मुलगी, आणि आमच्या मातोश्री. मातोश्री उद्यानांत शिरतांच एका बांकावर बसल्या व म्हणाल्या, ‘तुम्हीं शिकलेल्यांनीं पाहून या. मी अडाणी बाई. मला ह्यांतलें काय कळणार? मी पिशव्या राखीन.’

प्रथम झोंपाळ्यांची गोष्ट सांगतों. झोंपाळा म्हणजे शास्त्राच्या भाषेंत लंबकच होय. सारख्या लांबीच्या दोन झोंपाळ्यांवर दोन्ही मुलांस बसविलें आणि विचारिलें, ‘सारखेंच मागें ओढून एकदम सोडलें, तर कोणाचा झोंका आधीं परत येईल?’ थोरल्यास लंबकाचें सूत्र तोंडपाठ होतें. त्याविषयींच्या प्रश्नास परीक्षेंत त्याला पुरे गुणहि मिळाले होते. तरी तो चटकन म्हणाला, ‘माझा. मी जड आहें ना!’ धाकटी म्हणाली, ‘माझाच! मी हलकी आहें.’ आम्हीं दोघांसहि सोडलें. झोंके जवळजवळ बरोबरीनें गेले आणि बरोबरीनें आले. पांच झोंके मोजले, तरी डोळ्यांस जाणवेल असें अंतर कांहीं पडेना. थोरला खालीं उतरला आणि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

ह्याचें कारण असें कीं, जड वस्तूस पृथ्वी अधिक जोरानें ओढते हें खरें. परंतु जड वस्तूस हलविणेंहि तितकेंच अधिक कठीण असतें. एका हातानें जें अधिक मिळालें, तें दुसऱ्या हातानें तितकेंच गेलें. म्हणून झोंक्याच्या वेळेंत वजनाचा हिशेब उरतच नाहीं. झोंका फार मोठा नसला, तर त्यास लागणारा वेळ लंबकाच्या लांबीवर अवलंबून असतो. एक मीटर लांबीच्या लंबकास एकदां जाऊन परत येण्यास सुमारें २ सेकंद लागतात. लांबी चौपट म्हणजे चार मीटर केली, तर वेळ दुप्पट म्हणजे सुमारें ४ सेकंद होतो. थोरला विचारांत पडलेला पाहून आम्हीं त्यास झोंपाळ्यावर उभें राहावयास सांगितलें. तो उभा राहतांच त्याचा झोंका बहिणीच्या झोंक्याहून लवकर येऊं लागला. सांखळी तीच, फळी तीच, मुलगाहि तोच. मग फरक कशाचा? धाकटी म्हणाली, ‘दादा वर गेला, म्हणून त्याचा झोंपाळा आंखूड झाला.’ तिनें सूत्र पाहिलेंहि नव्हतें. परंतु लंबकाची लांबी सांखळीच्या टोंकापर्यंत नव्हे, तर झोंके घेणाऱ्या देहाचा भार जेथें एकवटतो तेथपर्यंत मोजावयाची असते, हें तिला दिसलें.

येथें आमच्या मनांत एक विचार आला, तो पालकांपुढें ठेवितों. मुलानें जें सूत्र पाठ केलें होतें त्यांत वजनाचें अक्षर नाहीं, हें रोज त्याच्या डोळ्यांपुढें होतें. परंतु तें अक्षर तेथें नाहीं ह्याचा अर्थ काय, हा प्रश्न त्यास कोणींच घातला नव्हता. परीक्षेनें त्यास सूत्र विचारिलें. त्यानें तें बिनचूक दिलें. परीक्षेनें पुरे गुण दिले. कोणाचेंच कांहीं चुकलें नाहीं, आणि तरीहि मुलाची समजूत होती तेथेंच राहिली. ज्ञान आणि समजूत हीं दोघें एकाच घरांत राहून एकमेकांशीं बोलत नव्हतीं. झोंपाळ्यानें तीं बोलतीं केलीं.

दुसरी वस्तु ताटल्यांची. उद्यानाच्या दोन टोंकांस परातीसारख्या खोलगट अशा दोन प्रचंड ताटल्या समोरासमोर उभ्या होत्या. एकीपुढें ठराविक जागीं तोंड धरून कुजबुजावें, तर दुसरीपुढें ठराविक जागीं कान धरणाऱ्यास तें स्पष्ट ऐकूं येतें. मुलीच्या आईनें एकीकडून हळूच विचारिलें, ‘भूक लागली का गं?’ आणि दुसरीकडून मुलीनें सारें उद्यान ऐकेल अशा आवाजांत ‘हो!’ म्हणून उत्तर दिलें. थोरला मध्यभागीं जाऊन उभा राहिला. त्याला आईचा प्रश्न मुळींच ऐकूं आला नाहीं. जवळ असणाऱ्यास ऐकूं येऊं नये आणि दूर असणाऱ्यास यावें, हा काय चमत्कार?

चमत्कार नव्हे, भूमिति आहे. तोंडांतून निघालेला आवाज चोहोंकडे पसरतो, आणि पसरतांना विरळ होत जातो. अंतर दुप्पट झालें कीं त्याची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. परंतु ताटलीस असा बांक दिलेला असतो कीं, त्या ठराविक जागेपासून निघून ताटलीवर आदळलेला आवाज न पसरतां सरळ समांतर पुढें जातो. समोरची ताटली तो पकडते आणि पुन्हां एका जागीं गोळा करते. आवाज ताटलीच्या कडेवर आदळून येवो कीं मध्यावर आदळून येवो, तोंडापासून कानापर्यंतची त्याची वाट सारख्याच लांबीची भरते. आवाज हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो. वाटा सारख्या, चाल सारखी, म्हणून सारे तुकडे एकाच क्षणीं येऊन पोंचतात व एकमेकांस बळ देतात. कान त्या जागेवरून थोडा बाजूस न्या, कीं कुजबूज नाहींशी झालीच.

तिसरी वस्तु कप्प्यांची, आणि आमच्या मतें त्या दिवसाचें खरें शिक्षण तेथें झालें. सारख्याच वजनाचे तीन ठोकळे टांगलेले होते. पहिला एकाच कप्पीवरून घेतलेल्या दोरास, दुसऱ्यास वर धरणारे दोराचे पदर दोन, तिसऱ्यास चार. थोरल्यानें धाकटीस समजाविलें, ‘कप्पीनें वजन कमी होतें.’ मागच्या बांकावरून मातोश्री म्हणाल्या, ‘कमी कुठलें व्हायला, बाळा! चाकानें पोहरा हलका होत नाहीं. वांकून ओढावें लागत नाहीं, अंगाचा भार टाकून खालीं ओढतां येतें, एवढेंच.’ मुलानें वळून पाहिलें. ‘आजी, तुला कसें ठाऊक?’ त्या म्हणाल्या, ‘चाळीस वर्षें आडाचें पाणी ओढलें आहे मीं.’

मुलानें त्यांस हात धरून तेथें आणिलें. त्यांनीं पहिला दोर ओढला व मान डोलाविली: आडावरचाच हिशेब. मग चार पदरांचा दोर ओढला. ठोकळा सहज वर येऊं लागला, पण हळूहळू. त्या ओढीत राहिल्या, ओढीत राहिल्या, आणि शेवटीं म्हणाल्या, ‘हलका लागतो खरा. पण मेला दोर संपतां संपत नाहीं!’

विद्यार्थिमित्रहो, पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत ह्या विषयावर जें पान आहे, त्याचें सार ह्या दोन वाक्यांत आलें आहे. ठोकळा २० किलोचा धरा. वर टांगलेली एकच कप्पी ओढण्याची दिशा तेवढी बदलते. ठोकळा एक मीटर चढवावयास २० किलोचाच भार एक मीटर ओढावा लागतो. दोन पदर असतील तर भार दोहोंत वांटला जातो. १० किलोची ओढ पुरते, पण दोर दोन मीटर ओढावा लागतो. चार पदरांत ५ किलोची ओढ, आणि दोर चार मीटर. वीस गुणिले एक, दहा गुणिले दोन, पांच गुणिले चार. गुणाकार सर्वत्र वीसच. प्रत्यक्षांत कप्प्यांचें घर्षण आणि त्यांचें स्वतःचें वजन ह्यांमुळें ओढ थोडी अधिकच लागते, कमी कधींच नाहीं. सृष्टि जोरांत सूट देते ती अंतरांत वसूल करून घेते. हा नियम मुलाच्या वहींत होता, पण हातांत नव्हता. आजीच्या हातांत होता, पण त्याला नियम म्हणतात हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं मुलानें आपल्या टिपणवहींत आजीचें वाक्य लिहून घेतलें आणि त्याखालीं गुणाकार मांडला. मातोश्रींनीं मग पिशव्या आम्हांकडे दिल्या आणि पुढील सर्व वस्तु स्वतः हाताळून पाहिल्या.

तेथें दुसरेंहि एक दृश्य आम्हीं पाहिलें, तेंहि सांगणें प्राप्त आहे. कित्येक मुलें एका कळीकडून दुसऱ्या कळीकडे धांवत होतीं. दिवा लागला, चाक फिरलें, कीं चालले पुढें. चाक कां फिरलें हें पाहावयास कोणी थांबत नव्हतें. कित्येक पालक याच्या अगदीं उलट करीत होते. मूल वस्तूजवळ पोंचतें न पोंचतें, तोंच ते पाटी मोठ्यानें वाचून दाखवीत आणि उत्तर सांगून मोकळे होत. मुलाचा प्रश्न जन्मास येण्यापूर्वींच उत्तराखालीं गाडला जाई. पहिल्या प्रकारांत नुसता हात चालतो. दुसऱ्यांत नुसतें तोंड. ह्या दोहोंनींहि घरीं नेण्यासारखें फारसें कांहीं मिळत नाहीं.

तर मग करावें काय? आमच्या अनुभवास आलेला क्रम असा आहे. आधीं अंदाज करावा, आणि तो मोठ्यानें बोलून दाखवावा. कारण न बोललेला अंदाज मागाहून गुपचुप बदलतां येतो. मग हात लावावा. नंतर एकच गोष्ट बदलून पुन्हां करून पाहावें: वजन बदलल्यास लांबी बदलूं नये, लांबी बदलल्यास वजन बदलूं नये. त्यानंतर कारणाचा विचार करावा, आपसांत वाद घालावा, आणि सर्वांच्या शेवटीं पाटी वाचावी. ह्या रीतीनें दिवसभरांत दहाबारा वस्तूच पाहून होतात. पुष्कळ वस्तु राहिल्या म्हणून वाईट वाटूं देऊं नये. पालकांनीं एकच पथ्य पाळावें: उत्तर ठाऊक असलें तरी थोडें गप्प बसावें. घरांत जो सर्वांत कमी शिकलेला असेल, त्याचा अंदाज सर्वांआधीं विचारावा.

‘पण परीक्षेंत झोंपाळा कोण विचारतो?’ असें कोणी पालक म्हणतील. शंका रास्त आहे, आणि अशा सहलीनें गुण वाढतीलच असें वचन आम्ही देत नाहीं. गुण खोटे नसतात, पण ते अपुरे असतात. ज्या मुलास पुरे गुण होते, त्याचाच अंदाज झोंपाळ्यावर फसला, हें वर सांगितलेंच आहे. हें मूल उद्यां डॉक्टर, शेतकरी, सुतार किंवा शिक्षक होईल, तेव्हां त्याला पाठ केलेलें उत्तर जेवढें लागेल, त्याहून अधिक आपला अंदाज पारखून पाहण्याची व तो चुकल्यास सोडून देण्याची संवय लागेल. शुभवर्तमानांतील थोमाची गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. त्याला हात लावून खात्री करावयाची होती, आणि प्रभूनें त्याला झिडकारून दूर लोटलें नाहीं, तर हात पुढें करावयास सांगितलें. प्रामाणिक शंकेनें पुढें केलेल्या हाताची शिक्षकानें व पालकानेंहि अवहेलना करूं नये.

मुंबई सर्वांस जवळ नाहीं, आणि सहलीचा खर्च सर्वांस झेपतो असेंहि नाहीं. परंतु ह्या संग्रहालयाच्या दोन खोल्या प्रत्येकाच्या घरीं उघडतां येतील. एका दोऱ्यास दगड बांधून तो खिळ्यास टांगा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर पंचवीस सेंटिमीटर ठेवा. लहान झोंका देऊन दहा फेऱ्या मोजा. सुमारें दहा सेकंद लागतील. मग दोरा एक मीटर करा, आणि किती लागतील तें आधीं घरांतील सर्वांस विचारून नंतर मोजा. दगड बदलूनहि पाहा.

दुसरी खोली तुमच्या डोळ्यांतच आहे. कागदावर डावीकडे एक लहान फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरांवर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्यानें फुलीकडेच पाहत राहा, आणि कागद हाताच्या अंतरावरून हळूहळू जवळ आणा. सुमारें तीस सेंटिमीटरांवर ठिपका एकाएकीं दिसेनासा होईल; आणखी जवळ आणतां पुन्हां दिसेल. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जेथून दृष्टीचा मज्जातंतु बाहेर पडतो, तेथें प्रकाश टिपण्याची सोय नाहीं. तेवढी जागा आंधळी आहे, आणि आपला मेंदू भोंवतालचा रंग भरून ती बुजवून टाकतो. म्हणून जन्मभर आपणांस तिचा पत्ता लागत नाहीं.

ज्या विद्यार्थ्यांनीं हे दोन प्रयोग केले असतील, त्यांनीं आपले आंकडे व घरच्या माणसांचे अंदाज एका कागदावर लिहून शाळा उघडल्यावर शास्त्राच्या तासास घेऊन यावें. ज्यांचे आंकडे आम्हीं सांगितलेल्या आंकड्यांशीं जुळणार नाहींत, त्यांनींहि ते तसेच घेऊन यावे. न जुळण्याचें कारण काय, हें आपण सर्व मिळून शोधूं.